बुद्धविचाराचा प्राथमिक परिचय : ओळखीचे शब्द आणि कार्यकारणाचा नियम

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन वर्गात बुद्धविचार शिकविताना अध्यापकासमोर एक वेगळीच अडचण उभी राहते. ग्रीक अथवा जर्मन तत्त्वज्ञानाच्या बाबतीत विद्यार्थ्याला संज्ञाच अनोळखी असतात. त्यामुळे तो त्या सावधपणे शिकतो. बुद्धविचाराच्या बाबतीत मात्र दुःख, वेदना, संस्कार, संज्ञा, स्मृती, धर्म, शिक्षा, निर्वाण हे सारे शब्द त्याच्या रोजच्या वापरातले असतात. त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरूनच तो वर्गात बसतो. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक शब्दांचा मराठीतील प्रचलित अर्थ पाली ग्रंथांतील अर्थापासून दूर गेलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन भाषांचे नाते जवळचे आहे, आणि गैरसमज निर्माण होतो तो नेमका या जवळिकीमुळेच.

दुसरी अडचण याद्यांची आहे. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, पाच स्कंध, बारा निदाने अशा क्रमाने बुद्धविचार पाठ्यपुस्तकांत येतो. बुद्धवचने कित्येक शतके केवळ मुखोद्गत परंपरेने जतन केली गेली, त्यामुळे आकड्यांत बांधलेल्या याद्या ही त्या काळाची गरज होती. आजच्या परीक्षापद्धतीलाही त्या सोयीच्या वाटतात, हा निव्वळ योगायोग. परंतु यादी पाठ झाली म्हणजे विचार समजला असे होत नाही. वर्गातील काही विद्यार्थ्यांना त्रिशरण-पंचशील घरच्या संस्कारांतून मुखोद्गत असते, तर काहींना शालेय इतिहासातील अर्धे पान आठवत असते. या याद्या एकमेकींशी का जोडलेल्या आहेत, हे मात्र दोघांनाही बहुधा कोणी सांगितलेले नसते. 'बौद्ध तत्त्वज्ञान निराशावादी आहे काय?' हा ठरीव प्रश्न याच अज्ञानातून जन्मतो.

या सर्व याद्या एकाच नियमाचे निरनिराळ्या क्षेत्रांतील उपयोजन आहेत. तो नियम म्हणजे कार्यकारणभावाचा, ज्याला पालीत 'पटिच्चसमुप्पाद' आणि संस्कृतात 'प्रतीत्यसमुत्पाद' म्हणतात. परिचयाचा आरंभ या नियमापासून केला, तर दुःखाची भाषा निराशेची वाटत नाही आणि अनात्माची भाषा उच्छेदाची वाटत नाही.

दुःख : शब्द आणि व्याप्ती

सहा वर्षांची कठोर तपश्चर्या निष्फळ ठरल्यावर गौतमाने देहदंडाचा मार्ग सोडला. बोधिप्राप्तीनंतर वाराणसीजवळील इसिपतनाच्या मृगवनात, म्हणजे आजच्या सारनाथ येथे, कोंडञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी या पाच जुन्या सहकाऱ्यांना त्याने पहिले प्रवचन दिले. 'संयुत्तनिकाया'त समाविष्ट असलेल्या या धम्मचक्कपवत्तन सुत्तात सुखोपभोग व देहदंड ही दोन टोके टाळणारा मध्यम मार्ग आधी येतो आणि चार आर्यसत्ये त्यानंतर येतात. पाठ्यपुस्तकांत हा क्रम अनेकदा उलटा झालेला दिसतो.

मराठीत 'दुःख' म्हटले की डोळ्यांपुढे अश्रू येतात. पालीतील 'दुक्ख' या शब्दाची व्याप्ती याहून पुष्कळ मोठी आहे. परंपरेने त्याचे तीन स्तर सांगितले आहेत. पहिला स्तर उघड वेदनेचा : आजारपण, वियोग, मृत्यू. दुसरा बदलामुळे होणाऱ्या दुःखाचा. मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचा आनंद खराच असतो. पण विमानतळावरून परतलेल्या आई-वडिलांना रिकामे घर जाणवते, तेव्हा त्या आनंदातच दडलेली दुसरी बाजू उघड होते. आनंद खोटा नव्हता, तो टिकणारा नव्हता, एवढेच. तिसरा स्तर अधिक सूक्ष्म आहे. जे जे घटकांनी बनलेले आहे ते कायमचा आधार देऊ शकत नाही, ही मूलभूत अस्थिरता म्हणजे तो स्तर होय. या अर्थाने 'दुक्ख' म्हणजे अपुरेपण, डळमळीतपणा. आयुष्यात सुख नाही असे बुद्धाने कोठेही म्हटलेले नाही. सुखाचे अस्तित्व मान्य करूनच त्याने त्याच्या अस्थिरतेकडे लक्ष वेधले.

चार सत्यांसंबंधी आणखी एक गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. त्याच प्रवचनात प्रत्येक सत्याबरोबर एक कार्य नेमून दिलेले आहे. दुःख पूर्णपणे जाणून घ्यायचे आहे, त्याचे कारण असलेली तृष्णा सोडायची आहे, निरोध प्रत्यक्ष अनुभवायचा आहे आणि मार्ग विकसित करायचा आहे. ('निरोध' या शब्दावर वर्गात हशा उठतो, त्याचे कारण अध्यापकांना सांगण्याची गरज नाही. हशा ओसरू द्यावा आणि पुढे जावे.) म्हणजे ही सत्ये विश्वास ठेवण्यासाठी मांडलेली विधाने नसून करावयाच्या चार गोष्टी आहेत. वैद्याने रोग ओळखावा, निदान करावे, बरे होणे शक्य आहे हे सांगावे आणि उपचार द्यावा, या उपमेने परंपरेने ही रचना समजावली आहे. रोगाचे नाव घेणाऱ्या वैद्याला कोणी निराशावादी म्हणत नाही.

प्रवचनाच्या शेवटी त्या पाचांपैकी कोंडञ्ञाला प्रथम दृष्टी लाभली. त्याला काय उमगले, याची नोंद सुत्तात आहे. सर्व काही दुःखमय आहे असे त्याला उमगले नाही. जे उत्पन्न होण्याच्या स्वभावाचे आहे ते नष्ट होण्याच्याही स्वभावाचे आहे, हे त्याला उमगले. पहिल्या श्रोत्याच्या पदरात पडलेले पहिले आकलन दुःखाविषयीचे नव्हते, कार्यकारणाविषयीचे होते.

कार्यकारणाचा नियम :

पुढे सारिपुत्ताच्या बाबतीतही हेच घडले. त्याने पाच शिष्यांपैकी अस्सजीला राजगृहात भिक्षाटन करताना पाहिले आणि त्याच्या गुरूची शिकवण विचारली. अस्सजीने थोडक्यात सांगितले ते एवढेच की, कारणांपासून उपजणाऱ्या गोष्टींची कारणे आणि त्यांचा निरोध तथागताने सांगितला आहे. सारिपुत्ताला तेवढे पुरे झाले. ही गाथा पुढे स्तूपांवर, मूर्तींच्या पीठांवर आणि मातीच्या मुद्रांवर भारतापासून आग्नेय आशियापर्यंत कोरली गेली. संपूर्ण शिकवणीची खूण म्हणून बौद्ध जगताने दीर्घकाळ निवडले ते हे वाक्य होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

नियम असा की, विशिष्ट अटी जुळून आल्या म्हणजे एखादी गोष्ट घडते. त्या अटी राहिल्या नाहीत की ती गोष्टही राहत नाही. यात ईश्वराची इच्छा नाही, अटळ नियती नाही आणि निव्वळ योगायोगही नाही. बुद्धाच्या समकालीनांत मक्खली गोसालासारखे नियतिवादी होते. त्यांच्या मताला बुद्धाने कडाडून विरोध केला, कारण त्या मतात प्रयत्नाला जागाच उरत नव्हती.

मानवी जीवनाला हा नियम लावला की बारा निदानांची साखळी मिळते : अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर भवचक्राचे जे खंडित चित्र आहे, ते याच परंपरेतले. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी त्याला राशिचक्र समजून त्या लेण्यालाच तसे नाव दिले होते. ओळखीच्या आकृतीमुळे अर्थ हुकण्याचे हे उदाहरण मराठी वाचकाच्या दाराशीच आहे.

बारा कड्यांचा सविस्तर अर्थ परंपरेत वेगवेगळ्या रीतीने लावला गेला आहे आणि प्राथमिक परिचयात त्या वादात शिरण्याचे कारण नाही. एक सांधा मात्र नीट समजून घ्यावयास हवा, तो म्हणजे वेदना आणि तृष्णा यांच्यामधला. पालीत 'वेदना' म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी कोणतीही अनुभूती म्हणजे वेदना. प्राध्यापक कक्षात एखादा सहकारी सहज काही बोलून जातो. शब्द कानांवर पडतात, हा स्पर्श. मनाला टोचते, ही दुःखद वेदना. येथपर्यंत कोणाचाही इलाज चालत नाही. मग 'हे असे बोलायला नको होते' ही नकाराची ओढ निर्माण होते, ती तृष्णाच, नको असलेले नाहीसे व्हावे अशी. त्यानंतर 'माझा अपमान झाला' ही पकड घट्ट होते, ते उपादान. 'उपादान' या पाली शब्दाचा एक अर्थ इंधन असाही आहे. पकड जितकी घट्ट, तितके आगीला इंधन अधिक. दोन वर्षांनंतरही त्या दोघांमध्ये बोलणे नसते, तेव्हा साखळी पूर्ण झालेली असते.

'संयुत्तनिकाया'तील एका सुत्तात हाच सांधा बाणाच्या दृष्टान्ताने स्पष्ट केला आहे. शरीराला बाण लागतो तो पहिला. त्यावर शोक, संताप आणि आक्रोश करून माणूस स्वतःला जो लावून घेतो तो दुसरा. पहिला बाण शहाण्यालाही लागतो, दुसरा त्याला लागत नाही. साखळी तुटते ती वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये, आणि ती तोडण्याचे साधन म्हणजे 'सति'. संस्कृतातील 'स्मृती' हा त्याचा प्रतिशब्द मराठीत आठवण या अर्थाने रूढ आहे. येथे त्याचा अर्थ जे घडते आहे त्याचे सावध भान असा घ्यावयास हवा.

अनात्म :

कार्यकारणाचा नियम 'मी'ला लावला की अनात्मवाद येतो. बुद्धाने व्यक्तीचे पाच स्कंधांत विश्लेषण केले : रूप म्हणजे शरीर, वेदना, संज्ञा म्हणजे वस्तू ओळखण्याची क्रिया, संस्कार आणि विज्ञान म्हणजे जाणीव. येथेही शब्द फसवितात. मराठीत 'संस्कार' म्हणजे घरचे वळण किंवा विधी, व्याकरणात 'संज्ञा' म्हणजे पारिभाषिक नाव आणि 'विज्ञान' म्हणजे तर पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. पाच स्कंधांत 'संस्कार' म्हणजे इच्छा, सवयी, कल यांसारख्या घडविणाऱ्या मानसिक प्रवृत्ती होत.

मृगवनातील दुसऱ्या प्रवचनात बुद्धाने केलेला युक्तिवाद साधा आहे. शरीर जर खरोखर 'मी' असते, तर ते असेच राहावे, आजारी पडू नये, अशी आज्ञा त्याला देता आली असती. ती देता येत नाही. मनाच्या बाबतीतही तेच. जे बदलते आणि ज्यावर हुकूमत चालत नाही, त्याला 'हे माझे, हा मी, हा माझा आत्मा' म्हणणे योग्य आहे काय? 'मिलिंदपञ्हा'त नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की, रथ म्हणजे आस की चाके की दांडी. यांपैकी एकही सुटा भाग रथ नाही, तरीही 'रथ' हा शब्द निरर्थक ठरत नाही. घटक जुळून आले की त्यांना आपण ते नाव देतो. 'मी' या शब्दाचेही तसेच.

'बुद्धाने आत्मा नाकारला' एवढेच लिहून थांबणारी टिपणे त्यामुळे अर्धवट ठरतात. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने आत्मा आहे काय आणि आत्मा नाही काय, असे दोन्ही प्रश्न विचारले, तेव्हा बुद्ध गप्प राहिला. तो निघून गेल्यावर बुद्धाने आनंदाला मौनाचे कारण सांगितले. 'आहे' म्हटले असते तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे झाले असते. 'नाही' म्हटले असते तर तो बिचारा अधिकच गोंधळला असता, की काल असलेला माझा आत्मा आज गेला कोठे? नवख्या विद्यार्थ्याची नेमकी हीच अवस्था होते. आत्म्याची चोरी झाली आहे असे त्याला वाटू न देता, 'मी' ही अखंड वस्तू नसून वाहती प्रक्रिया आहे, हे त्याला दाखवावे लागते.

कर्म, गरिबी आणि डॉ. आंबेडकरांचा प्रश्न :

आत्मा नसेल तर कर्म कोणाचे आणि पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. बुद्धाने कर्माची व्याख्या चेतना, म्हणजे हेतू, अशी केली. ही मोठी क्रांती होती. यज्ञकर्माचे मोल विधीच्या अचूकतेत नसून हेतूत आहे, असे त्यातून ठरले. साती नावाच्या भिक्षूने तेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते असे मत मांडले, तेव्हा बुद्धाने त्याला कठोर शब्दांत सुधारले : विज्ञानही अटींवर अवलंबून उपजते, ते प्रवास करणारी वस्तू नव्हे. नागसेनाने एका दिव्याने दुसरा दिवा लावण्याची उपमा याच संदर्भात दिली आहे.

या प्रश्नाला महाराष्ट्रात केवळ तात्त्विक महत्त्व नाही. गतजन्मीच्या पापामुळे अमुक जात, अमुक दारिद्र्य, हे स्पष्टीकरण येथे शतकानुशतके पिढ्यान्पिढ्यांच्या माथी मारले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात काही प्रश्न उघडपणे मांडले. चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण आहे काय, की भिक्षूंनी नंतर घातलेली भर? जीवन, मृत्यू आणि पुनर्जन्म हे सारेच दुःख असेल तर माणसाला आशा कोठे उरते? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? गरीब आणि दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने किंवा राज्याने झटकावी, एवढाच गतकर्माच्या सिद्धान्ताचा उपयोग दिसतो, असे मत त्यांनी या ग्रंथात नोंदविले.

पारंपरिक अभ्यासकांना हे आक्षेप धाडसी वाटले. तथापि पाली निकायांतच त्यांना बळ देणारी स्थळे आहेत आणि ती प्राथमिक परिचयात यावयास हवीत. मोळियसीवक या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे काही अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे मत बरोबर आहे काय? बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा संकर, ऋतुबदल, हेळसांड, बाह्य आघात अशी कारणे मोजून दाखविली आणि कर्मफल हे त्यांपैकी केवळ आठवे ठरविले. सर्व काही पूर्वकर्मावर लोटणारे अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्याही पलीकडे जातात, असा त्याचा अभिप्राय होता.

'दीघनिकाया'तील चक्कवत्तिसीहनाद सुत्त याहून पुढे जाते. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य अशी घसरण तेथे एकामागून एक वर्णिली आहे. ही साखळी बारा निदानांच्याच घडणीची आहे, फक्त तिचे क्षेत्र मन नसून राज्य आहे. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला सांगतो की, लूटमार दंडाने थांबणार नाही. शेतकऱ्यांना बी-बियाणे आणि चारा, व्यापाऱ्यांना भांडवल, सेवकांना वेतन दिले तर ती थांबेल. दुःखाचे कारण शोधून ते दूर करणे हाच धम्माचा गाभा, या डॉ. आंबेडकरांच्या मांडणीला या सुत्तांत भक्कम आधार सापडतो. चार सत्ये प्रक्षिप्त असल्याचे त्यांचे अनुमान मान्य करणे मात्र कठीण आहे, कारण निकायांत ती ठिकठिकाणी, निरनिराळ्या प्रसंगी येतात. सत्ये मूळची असूनही ती निराशेची ठरत नाहीत, हे कार्यकारणाच्या वाटेने दाखविता येते, आणि त्यांच्या आक्षेपामागची कळकळ त्या वाटेवर पूर्णपणे सुरक्षित राहते.

निर्वाण :

६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनामुळे मराठीत 'निर्वाण' आणि मृत्यू यांची गाठ पक्की बसली आहे. परंपरेनुसार सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली ती ३५ व्या वर्षी आणि त्याचे देहावसान झाले ८० व्या वर्षी. मधली ४५ वर्षे तो गावोगाव चालत, लोकांशी बोलत, भिक्षूंची भांडणे मिटवीत आणि पाठदुखीही सोसत जगला. निर्वाण म्हणजे विझणे. विझायचे ते राग, द्वेष आणि मोह यांचे अग्नी. गयेजवळील प्रवचनात हेच अग्नी इंद्रियांना आणि मनाला लागलेले सांगितले आहेत. इंधन काढून घेतले की आग विझते, एवढाच तर्क येथेही आहे. (बुद्धवचनातील 'राग' म्हणजे आसक्ती, मराठीतील राग द्वेषात मोडतो.)

मार्ग :

अष्टांगिक मार्ग म्हणजे सम्यक् दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. येथील 'व्यायाम' म्हणजे प्रयत्न होय. या पायऱ्या नाहीत. सातवी चढल्यावर आठवी असे नसते. धम्मदिन्ना या भिक्षुणीने तिच्या गृहस्थाश्रमातील पती विशाखाशी झालेल्या संवादात या आठ अंगांची विभागणी शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन गटांत केली आणि बुद्धाने तिच्या उत्तराला पूर्ण संमती दिली. स्त्रीने केलेले हे विवेचन 'मज्झिमनिकाया'त बुद्धवचनाच्या बरोबरीने जतन झाले आहे.

प्रयत्न किती करावा, याचे उत्तर सोण या भिक्षूच्या कथेत येते. अतिश्रमाने हताश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. तारा फार ताणल्या की वीणा नीट वाजते काय, आणि फार सैल सोडल्या की वाजते काय, एवढेच बुद्धाने त्याला विचारले. मध्यम मार्ग म्हणजे दोन मतांची गोळाबेरीज नव्हे. तार सुरात लावण्यासारखी ती नेमकेपणाची गोष्ट आहे.

गृहस्थासाठी या मार्गाची सुरुवात पंचशीलाने होते. हिंसा, चोरी, कामवासनेचा गैरवापर, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचे हे पाच नियम घरोघरी म्हटले जातात आणि प्रत्येकाच्या शेवटी 'सिक्खापद' हा शब्द येतो. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. येथे मात्र तिचा अर्थ शिकणे असा आहे. म्हणणारा कोणाची आज्ञा पाळत नसतो. ही गोष्ट शिकण्याचे मी पत्करतो, असे तो स्वतःलाच सांगत असतो. आज्ञा मोडली तर पाप लागते. शिकताना चुकले तर पुन्हा शिकावे लागते.

सम्यक् आजीविकेच्या बाबतीत 'अंगुत्तरनिकाया'त उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार स्पष्ट सांगितले आहेत : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार. यादी तत्कालीन बाजारपेठेची आहे. कार्यकारणाचा नियम समजलेल्या विद्यार्थ्यांपुढे ती फळ्यावर लिहावी, या पाचांनाच वगळण्यामागचा निकष काय असावा हे त्यांना शोधावयास लावावे, आणि आज त्याच निकषावर आणखी कोणते व्यवसाय तेथे लिहावे लागतील, हेही त्यांनाच ठरवू द्यावे.